दामोदरचा पूर आणि परळचा मजूरमंत्री

परळच्या पोयबावडीपासून दादरच्या हिंदू कॉलनीपर्यंत पायी जायला अर्धा तास लागतो. एका टोकाला बी. आय. टी. चाळ, दुसऱ्या टोकाला राजगृह. बाबासाहेबांच्या आयुष्याचा मोठा काळ या दोन पत्त्यांवर गेला. १९१२ ते १९३४ चाळीतील दोन खोल्या आणि त्यानंतर राजगृह. मधल्या रस्त्याला आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचेच नाव आहे आणि त्याच रस्त्यावर हिंदमाता आहे. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की बशीसारख्या या सखल भागात पाणी तुंबते, बेस्टच्या बसगाड्या बंद पडतात आणि दूरदर्शन वाहिन्या दिवसभर तेच चित्र दाखवतात. पण ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर हे पाणी उभे राहते, त्या महामानवाने पुराच्या पाण्याचे काय करावे याचा मूलभूत विचार या देशात केला होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

आम्ही बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, महाडच्या आणि नाशिकच्या संग्रामाचे सेनापती म्हणून ओळखतो, धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून ओळखतो. परंतु जुलै १९४२ ते १९४६ या चार वर्षांत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, याचा उल्लेख आला तर तो कामगार कायद्यांपुरताच येतो. सिंचन, वीज आणि सार्वजनिक बांधकाम हे विषयही त्यांच्याच खात्यात होते. धरणांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे पान बहुधा उलटलेच नाही आणि जयंतीच्या व्यासपीठावरही ते क्वचितच वाचले जाते. म्हणून आज त्या पानाविषयी.

बाबासाहेबांचे पाण्याशी असलेले नाते दिल्लीच्या सचिवालयात सुरू झाले नाही. ते सातारा जिल्ह्यात सुरू झाले. १९०१ च्या सुमारास त्यांचे वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यात खजिनदाराच्या नोकरीवर होते. तिथे सरकारने दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तलाव खोदायला काढला होता. वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीम भावंडांसह मसूर स्टेशनावर उतरला. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन एक मिळाला, पण गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. सोबत डबा भरलेला होता, पण वाटेत पाणी कोणी देईना आणि पाण्यावाचून घास उतरेना. मुलांनी ती रात्र उपाशीपोटी काढली. पुढे विचार करा, बाप तलावाच्या कामाचा हिशोब ठेवतो आहे आणि त्याच तलावाच्या वाटेवर त्याची मुले तहानेने तळमळत आहेत! पाणी साठवणे हा एक प्रश्न आणि ते कोणाच्या ओंजळीत पडते हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न त्या मुलाला एकाच प्रवासात भेटले. १९२७ साली चवदार तळ्यावर त्याने दुसऱ्या प्रश्नाला हात घातला. पहिल्याकडे वळायला अजून पंधरा वर्षे जायची होती.

दरम्यान परळमध्ये त्यांनी धरणाची वीजही पाहिली. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पाणी अडवून ते खोपोलीच्या वीजघरात सोडले गेले आणि १९१५ पासून टाटांची ही जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. गिरणगावचे माग सह्याद्रीच्या पावसावर चालू लागले. पण त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते. तुटलेला धागा तोंडाने ओलावा लागतो आणि त्याने विटाळ होतो, हे कारण! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. यंत्र नवे आले, वीज नवी आली, म्हणून माणसाची जुनी गुलामगिरी आपोआप सुटत नाही, हा धडा परळने दिला.

योगायोग असा की त्यांच्या सार्वजनिक कार्याच्या आरंभीही दामोदर हेच नाव आहे. मार्च १९२४ मध्ये परळच्या दामोदर हॉलमधील बैठकीतून बहिष्कृत हितकारिणी सभेची वाट निघाली. वीस वर्षांनी दुसऱ्या एका दामोदराशी त्यांची गाठ पडली. ती होती नदी.

दामोदर नदी छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावते आणि बंगालच्या सपाटीवरून हुगळीला मिळते. पठारावर पडलेला पाऊस तीव्र उतारावरून एकदम खाली धावतो, म्हणून तिला बंगालचे दुःख म्हणत. शतकभर सरकारचा उपाय एकच होता, काठाने बांध घालायचे. जुलै १९४३ मध्ये बांध फुटला, ग्रँड ट्रंक रोड आणि रेल्वेमार्ग तुटले आणि महायुद्धाच्या ऐन धामधुमीत कलकत्त्याचा उत्तर भारताशी संबंध तुटला. तेच बंगालच्या भीषण दुष्काळाचे वर्ष होते. एका बाजूला पाण्याने माणसे बुडत होती, दुसऱ्या बाजूला अन्नावाचून मरत होती.

बंगाल सरकारने बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. शास्त्रज्ञ मेघनाद साहा तिचे सदस्य होते. अमेरिकेतील टेनेसी नदीप्रमाणे संपूर्ण खोऱ्याचे एकच प्राधिकरण असावे, अशी दिशा समितीने दाखवली. हे श्रेय त्यांचे आहे आणि ते नाकारण्याचे आम्हाला कारण नाही. पण शिफारस कागदावर राहणे आणि ती राज्यकारभारात उतरणे यात फार अंतर असते. ते अंतर कापण्याचे काम मजूरमंत्र्यांकडे आले. नदीचा वरचा भाग बिहारात, खालचा बंगालात. धरण बिहारची जमीन बुडवणार, पुरापासून वाचणार बंगाल. हा तंटा सोडवल्याशिवाय एक दगडही हलणार नव्हता. बाबासाहेबांनी ३ जानेवारी आणि २३ ऑगस्ट १९४५ रोजी कलकत्त्यात दोन्ही प्रांत आणि केंद्र यांच्या परिषदा घेतल्या. टेनेसी प्रकल्पावरील अभियंता वूर्डूइन यांच्याकडून खोऱ्याचा प्राथमिक आराखडा तयार करून घेतला. याच काळात विजेसाठी केंद्रीय तांत्रिक मंडळ आणि नद्यांसाठी केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ तिथे आहे.

या धोरणामागचा विचार साधा आणि क्रांतिकारक होता. पुराचे पाणी हा शत्रू नाही, ते धन आहे. बांध घालून त्याला लवकरात लवकर समुद्रात हाकलणे म्हणजे धन फेकून देणे. तेच पाणी वर अडवले तर पूर ओसरतो, शेताला पाणी मिळते आणि पडत्या धारेवर वीजही तयार होते. ओरिसातील नद्यांविषयी ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला झालेल्या परिषदेत त्यांनी हीच भूमिका मांडली. महानदीवरील हिराकूड धरणाची कोनशिला मार्च १९४६ मध्ये बसली.

वाचकांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विजेसाठी जलाशय भरलेला हवा असतो आणि पूर झेलण्यासाठी तो रिकामा हवा असतो. एकाच भिंतीकडून ही दोन्ही कामे करून घ्यायची तर दरवाजे कधी उघडायचे हे ठरवणारी, साऱ्या खोऱ्याचा विचार करणारी एकच यंत्रणा लागते. म्हणूनच प्राधिकरणाचा आग्रह होता. पुढे घटनेच्या २६२ व्या कलमाने आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांच्या निवाड्याचा अधिकार संसदेकडे आला, त्याची पार्श्वभूमी इथे शोधता येते.

१९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. तेव्हा बाबासाहेब कायदेमंत्री होते आणि त्यांच्यासमोर घटनेचा मसुदा होता. तिलैया १९५३, कोनार १९५५, मैथन १९५७ आणि पंचेत १९५९ अशी चार धरणे झाली. मैथनचे वीजघर तर डोंगराच्या पोटात आहे. पण मूळ आराखड्यात आठ धरणे होती. दहा लाख क्युसेकचा पूर अडीच लाखांवर आणण्याचा तो हिशोब होता. निम्मी धरणे महामंडळाने बांधलीच नाहीत, मैथन आणि पंचेतला पूर साठवायला लागणारी सगळी जमीनही ताब्यात आली नाही आणि जलाशयांत गाळ साचत गेला. २०२४ च्या सप्टेंबरात दक्षिण बंगालमध्ये पूर आला तेव्हा बंगाल सरकार आणि महामंडळ पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवत होते. अर्धवट राबवलेल्या योजनेचा दोष योजना मांडणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

आणखी एक हिशोब बाकी आहे. पंचेत धरणाचे उद्घाटन ६ डिसेंबर १९५९ रोजी झाले. तो बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा तिसरा स्मृतिदिन होता. पंडित नेहरूंच्या उपस्थितीत बटण दाबले ते बुधनी मेझान या संथाळ मुलीने, धरणाच्या कामावरच्या मजुराने. हाराच्या प्रसंगावरून तिच्या जमातीने तिला बहिष्कृत केले, १९६२ साली नोकरीही गेली आणि ती परत मिळायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. २०२३ मध्ये तिचे निधन झाले. धरणाने वीज दिली, पण ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांच्या पदरात काय पडले? मसूरच्या वाटेवरचा तो दुसरा प्रश्न धरणाच्या भिंतीखाली गाडला गेला.

आता हिंदमाताकडे या. महानगरपालिकेने गेल्या काही वर्षांत परळ आणि दादरच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या. हिंदमाताचे पाणी उपसून त्यांत साठवायचे आणि ओहोटी लागली की सोडायचे. पूर आधी साठवा आणि मग सवडीने सोडा, हेच ते दामोदरचे तत्त्व! परळच्या मजूरमंत्र्याचा विचार पाऊणशे वर्षांनी परळच्या जमिनीखाली पोहोचला. पण भर पावसात गुडघाभर पाण्यात उभे राहून मॅनहोलवर पहारा देणारा कामगार कोणत्या वस्तीतून येतो, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. बाबासाहेबांच्या जलनीतीचा अभिमान जरूर बाळगा, पण ती अर्धी सांगू नका. पाणी साठवले किती हे विचारा आणि त्याच दमात ते मिळाले कोणाला, बुडाले कोण आणि गटारात उतरले कोण, हेही विचारा. वस्तीतल्या अभ्यासिकेत या विषयावर एक सत्र ठेवा, अभियांत्रिकीला गेलेल्या आपल्या मुलामुलींना दामोदरचा आराखडा वाचायला सांगा. पाण्याचा हिशोब मागणारी पिढी तयार झाली पाहिजे.