कमला सोहोनी : एका वर्षाची अट

आपल्या बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था सर्वांना माहीत आहे. १९३३ मध्ये या संस्थेच्या दारात एक मराठी मुलगी प्रवेशासाठी उभी होती. तिचे नाव कमला भागवत. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या मोठ्या भगिनी.

कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ व याच संस्थेचे विद्यार्थी होते. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिला क्रमांक मिळवून कमलाबाईंनीही येथे अर्ज केला. तेव्हा नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन संचालक होते. मुलींना संशोधन जमणार नाही, असे त्यांचे मत होते. त्यांनी अर्ज नाकारला.

कमलाबाई परत गेल्या नाहीत. त्यांनी रामन यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी नसतील, मार्गदर्शकांनी सांगितल्यास रात्रीही काम करावे लागेल आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये.

आम्हा कॅडेटनाही कडक नियम असतात, पण ते सर्वांना सारखे असतात. कमलाबाईंवरील अटी मात्र केवळ त्या मुलगी होत्या म्हणून होत्या. हा अपमान गिळून त्या श्रीनिवासय्या सरांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम करत राहिल्या. वर्षभरात रामन यांचे मत बदलले. त्यानंतर इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले.

१९३६ मध्ये एम.एस्सी. होऊन त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते, हे त्यांनी दाखवले. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. मायदेशी परतून पुढे त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन केले. नीरेतील पोषक घटकांवरील संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

२०२२ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. तेथे जाण्याचे स्वप्न मीही पाहतो. माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलीला माझ्यापेक्षा एकही जास्तीची अट नसावी, असे मला वाटते. कमलाबाईंनी ते एक वर्ष सोसले, ते पुढच्या मुलींना सोसावे लागू नये म्हणून.

जय हिंद!