खिशात पैसा नाही, परतीची तारीख नाही : गोव्याचा हा माणूस १२० वर्षांपूर्वी एकटाच ब्रह्मदेशात फिरत होता

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कंपन्यांतली पोरं हल्ली सुट्ट्या साठवतात आणि पाठीवर सॅक अडकवून एकटीच थायलंड नाहीतर व्हिएतनाम गाठतात. रील्स बघून वाटतं, हे सगळं आत्ताचंच आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी एक मराठी माणूस असाच एकटा निघाला होता. त्याला परत यायला सहा वर्षं लागली.

त्यांचं नाव धर्मानंद कोसंबी. गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी यांचे वडील.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. शाळा अर्धवट सुटलेली, इंग्रजीचा गंध नाही, घरच्या माडांची राखण करायची हेच काम. लग्न लहानपणीच बाळाबाईंशी झालेलं. अशात 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाबद्दलचा लेख वाचला आणि डोक्यात एकच गोष्ट बसली. हा धर्म मुळापासून शिकायचा.

अडचण अशी की शिकवणारं जवळपास कोणीच नव्हतं. ज्या देशात बुद्ध जन्मला तिथं पाली ग्रंथ शिकायची सोय मिळेना. मग १८९९ च्या शेवटी, २३ वर्षांच्या धर्मानंदांनी घर सोडलं. मागे बायको आणि तान्ही मुलगी.

पहिला मुक्काम पुणे. तिथं डॉ. रा. गो. भांडारकरांची भेट झाली. संस्कृत पक्कं करायला पुढे ग्वाल्हेरवरून काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे शिकायचं असे दिवस काढले. तिथून नेपाळ, पण तिथला बौद्ध धर्म बघून त्यांची निराशाच झाली. मग बोधगया, कलकत्ता आणि १९०२ मध्ये सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात ते सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकले आणि श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू झाले. पण तिथला आहार मानवेना. मद्रासला परतून त्यांनी पुढची वाट धरली ती ब्रह्मदेशाची.

आता प्रश्न पडेल, पैसे नसताना हा माणूस परदेशात राहिला कसा? एक तर ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. १९३७ पर्यंत तो वेगळा झाला नव्हता, त्यामुळे मद्रास-कलकत्त्याहून आगबोटीनं रंगूनला जाणं म्हणजे सरकारी हिशेबात देशातल्या देशातला प्रवास. दुसरं कारण अंगावरचं चीवर. भिक्षूनं पैशाला हात लावायचा नाही, सकाळी पात्र घेऊन दारोदार जायचं, लोक वाढतील ते दुपारच्या आत खायचं आणि त्यानंतर दिवसभर जेवायचं नाही, असा नियम. मुक्काम विहारात. पावसाळ्यात तीन महिने एकाच जागी थांबायचं, त्याला वर्षावास म्हणतात. म्हणजे घाई करायची म्हटलं तरी करता येत नव्हती. आवडनिवडही घराच्या दारातच सोडून द्यायची.

ब्रह्मदेशात ते मंडालेच्या बाजूला गेले. मंडाले म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात, पण टिळक तिथल्या तुरुंगात गेले ते १९०८ मध्ये, धर्मानंदांच्या नंतर. गंमत म्हणजे धर्मानंद तिथं होते तेव्हा मंडालेचा पदच्युत राजा थिबा इकडे रत्नागिरीत इंग्रजांच्या कैदेत दिवस काढत होता.

मंडालेजवळ, इरावती नदीच्या पलीकडे सगाईंच्या टेकड्या आहेत. पॅगोडा, विहार आणि ध्यानाच्या गुहांनी भरलेल्या. तिथल्या गुहेत धर्मानंदांनी ध्यानाचा अभ्यास केला. सोबतीला होता एक जर्मन भिक्षू, ज्ञानतिलोक. हा मूळचा व्हायोलिनवादक, पुढे पाश्चात्त्य बौद्ध भिक्षूंमधलं मोठं नाव झाला. एक वीस्बाडेनचा, एक साखवाळचा, आणि दोघं ब्रह्मदेशातल्या गुहेत. याच काळात धर्मानंद बर्मी लिपीतले पाली ग्रंथ वाचायला सरावले. सिंहली लिपी आधीच झाली होती.

मधल्या काळात ते हिंदुस्थानात येऊन कुशीनगर, बोधगया अशा बौद्ध ठिकाणी फिरले. अखेर १९०६ च्या सुरुवातीला ते कलकत्त्याला परतले आणि चीवर उतरवलं.

इथपर्यंत ही गोष्ट एका जिद्दी प्रवाशाची वाटते. पण तेवढीच वर्षं बाळाबाईंनीही काढली होती. नवरा कुठे आहे, येणार की नाही, याची खात्री नसताना नातेवाइकांच्या आधारावर मुलगी वाढवत. त्या काळच्या गोव्यात नवऱ्यानं सोडलेल्या बाईकडे लोक कसं बघत असतील हे वेगळं सांगायला नको. बुद्धाच्या कथेत यशोधरेला जी जागा मिळते तेवढीसुद्धा बाळाबाईंना धर्मानंदांच्या कथेत सहसा मिळत नाही. १९०६ मध्ये ते गोव्याला गेले, संसार पुन्हा सुरू झाला आणि १९०७ मध्ये दामोदरचा जन्म झाला.

गुहेत आणि विहारात जमवलेलं लवकरच कामाला आलं. धर्मानंद कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागले. पण हे ज्ञान मराठीत यावं म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली आणि बडोद्याच्या सयाजीरावांनी देऊ केलेले महिना ५० रुपये घेतले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचं. १९१० मध्ये हार्वर्डचं बोलावणं आलं. वॉरन नावाचे अभ्यासक 'विसुद्धिमग्ग' या ध्यानमार्गावरच्या पाली ग्रंथाचं संपादन अर्धवट ठेवून वारले होते. ते पुरं करायला बर्मी आणि सिंहली पोथ्यांत मुरलेला माणूस हवा होता.

तिथंही श्रेय कोणाचं यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी बिनसलं आणि धर्मानंद १९१२ मध्ये परत आले. पुढे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, पुन्हा अमेरिकेच्या फेऱ्या केल्या, १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगही बघितला. या भटकंतीची हकिकत त्यांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात लिहिली, ते १९२४ मध्ये आलं.

जून १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांचं निधन झालं. हार्वर्डचा 'विसुद्धिमग्ग' छापून आला १९५० मध्ये. त्यावर वॉरन यांच्याबरोबर धर्मानंद कोसंबी हेही नाव होतं.