सूत्रकृमींचा फास पाहणारा शास्त्रज्ञ

शिरूर-दौंड पट्ट्यात डाळिंबाचे झाड पिवळे पडू लागले, की जाणता बागाईतदार आधी बुंध्याजवळची माती उकरून मुळी पाहतो. मुळीवर मण्यांसारख्या गाठी आढळल्या, तर शत्रू सूत्रकृमी हे ओळखावे. हा सूक्ष्म जीव मुळांतील अन्नरस शोषतो. त्याने केलेल्या जखमांतून मर रोगाच्या बुरशीलाही वाट मिळते आणि अखेर उभे झाड वाळते. या शत्रूवर दुसरी, उपकारक बुरशी शेणखतातून सोडण्याचा सल्ला आज कृषितज्ज्ञ देतात. बुरशी जिवंत सूत्रकृमीला फासात पकडून मारू शकते, हे प्रथम पाहिले ते विल्हेल्म त्सोप्फ या जर्मन शास्त्रज्ञाने.

त्सोप्फ यांचा जन्म १८४६चा, रॉसलेबेन गावचा. आरंभी ते शाळामास्तर होते. विद्यापीठाची पायरी त्यांनी उशिराच चढली, पण पुढे हाले येथे वनस्पतिशास्त्राच्या अध्यापनात नाव मिळवले. आर्थ्रोबोट्रिस नावाच्या बुरशीच्या तंतूंना वेटोळी येतात, हे रशियन शास्त्रज्ञ वोरोनिन यांनी १८७०मध्येच नोंदले होते. ती कशासाठी, हे मात्र उमगले नव्हते. त्सोप्फ यांनी गव्हाच्या दाण्यांत गाठी करणारे सूत्रकृमी या बुरशीजवळ सोडले. वळवळणारा जीव वेटोळ्यात अडकला, सुटण्यासाठी धडपडला आणि निपचित पडला. मग बुरशीचे तंतू त्याच्या शरीरात शिरून पसरले. वनस्पतींमध्ये गणल्या जाणाऱ्या बुरशीने प्राण्याची शिकार करावी, हे त्या काळी नवलच! १८८८मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले.

या शोधाचा शेतीला काय उपयोग, या वाटेने मात्र ते फारसे गेले नाहीत. दगडफुलांतील रसायनांनी त्यांना ओढून घेतले. १८९९मध्ये ते म्युन्स्टरला प्राध्यापक झाले, १९०७मध्ये त्या रसायनांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला आणि १९०९मध्ये त्यांचे निधन झाले.

शेतातील प्रयोगांना १९३७ उजाडावे लागले. हवाई बेटांवर लिनफर्ड यांनी अननसाच्या जमिनीत सूत्रकृमींविरुद्ध अशा बुरशा वापरून पाहिल्या. पण फास टाकणाऱ्या बुरशीचा जमिनीत भरवसा धरता येईना. १९७९मध्ये पेरू देशात सूत्रकृमींची अंडीच फस्त करणारी जांभळट बुरशी नोंदली गेली. आज बाजारात पुड्यांतून मिळते ती बहुधा हीच, त्सोप्फ यांची नव्हे. तीही वाळलेले झाड उठवत नाही. मुळी पांढरी असतानाच ती द्यावी लागते.