श्विनशेठची सायकल

इलेक्ट्रिक बीच क्रूझर नावाचा प्रकार तुम्ही सिनेमात नक्की पाहिला असेल. कॅलिफोर्नियाचा किनारा, नारळासारखी दिसणारी (पण नारळ नसलेली) झाडं, आणि गाईच्या शिंगांसारखं रुंद हँडल असलेली, जाडजूड टायरांची एक सुस्त सायकल. आता तिला मोटर आणि बॅटरी लागली आहे आणि ती हवी तशी बनवून मिळते. रंग निवडा, हँडल निवडा, सीट निवडा, बॅटरी लहान की मोठी ते सांगा. आमच्या चौघांच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टला हाच विषय घेतला : अशा सायकलचं मूल्यमापन. वाटलं, दोन ग्राफ, चार फॉर्म्युले, झालं सबमिशन! पण एकेक भाग तपासायला लागलो आणि दर वेळी मागे जाता जाता एकाच माणसाच्या दारात पोहोचू लागलो. टायर? श्विन. वाकडी फ्रेम? श्विन. ती पेट्रोलच्या टाकीसारखी दिसणारी डबी? पुन्हा श्विन. मग ग्राफ बाजूला राहिले आणि आम्ही या माणसाच्याच मागे लागलो.

इग्नाझ श्विनचा जन्म १ एप्रिल १८६० चा, जर्मनीतल्या बाडेन प्रांतातल्या हार्डहाइम गावचा. शिक्षण म्हणाल तर वर्कशॉपचं. मशिनिस्टचं काम शिकला, सायकली दुरुस्त करत फिरला, आणि फिरता फिरता स्वतःची ड्रॉइंग्ज काढू लागला. तो काळ मोठ्या चाकाची उंच सायकल जाऊन दोन सारख्या चाकांची, चेनवाली सेफ्टी सायकल येण्याचा होता. फ्रँकफुर्टला हाइन्रिश क्लायर हे मोठे कारखानदार होते, पुढे ॲडलर नावाने त्यांचा माल जगभर गेला. त्यांनी या पोराची ड्रॉइंग्ज पाहिली आणि त्याला कामावर घेतलं. पुढे कारखान्याची मांडणी, यंत्रं कुठे बसवायची, ही कामंही त्याच्याकडे आली. डिग्री नसलेला प्रॉडक्शन इंजिनिअरच म्हणा ना!

१८९१ मध्ये हा गडी अमेरिकेला गेला, थेट शिकागोला. तिथे सायकलचं वेड शिगेला पोहोचत होतं. दोन-तीन वर्षं दुसऱ्यांचे कारखाने उभे करून दिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की अक्कल आपली आणि नफा शेठचा. पण भांडवल कुठून आणणार? ते मिळालं ॲडॉल्फ अर्नोल्ड या गृहस्थांकडून. यांचा धंदा मांस पॅकिंगचा, सायकलशी काडीचा संबंध नाही. १८९५ मध्ये अर्नोल्ड, श्विन अँड कंपनी सुरू झाली. (इथून पुढे आदरार्थी बहुवचन. मालक झाले ते!)

१८९५ सालची आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, ओहायोतल्या ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसाला बॅटरीवर चालणाऱ्या सायकलचं अमेरिकन पेटंट मिळालं. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात लटकवलेली, गिअर नाहीत. १० व्होल्टची बॅटरी आणि करंट १०० अँपिअरपर्यंत, म्हणजे कागदावर १००० वॅट. आजच्या इलेक्ट्रिक क्रूझरचं चित्र याहून फार वेगळं नाही. फक्त त्या काळी बॅटरी शिशाची. ती ओढायलाच मोटर लागावी अशी परिस्थिती. कल्पना बरोबर होती, केमिस्ट्री तयार नव्हती.

श्विन मात्र पायडलवरच होते. १९०० च्या आसपास सायकलचा फुगा फुटला. मोठी माणसं मोटारीकडे वळली, शिकागोतले कारखाने पटापट बंद पडले. श्विन यांनी यातच हात धुऊन घेतले. बुडालेल्या कारखान्यांची यंत्रं, माल स्वस्तात उचलला आणि स्वतःचा कारखाना वाढवला. १९०८ मध्ये अर्नोल्ड यांचा हिस्साही विकत घेतला. तरी पाटीवर अर्नोल्ड यांचं नाव पहिलंच राहिलं, ते थेट १९६७ पर्यंत!

मग मोटरसायकल. एक्सेल्सिअर ही शिकागोचीच कंपनी त्यांनी १९११-१२ च्या सुमारास घेतली. १९१२ च्या डिसेंबरात ली ह्युमिस्टन या रायडरने एक्सेल्सिअरवर ताशी १०० मैलांचा, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरचा वेग गाठला. हा ट्रॅक लाकडी फळ्यांचा, आणि जागा प्लाया डेल रे, लॉस एंजेलिसजवळचा समुद्रकिनारा. बीचवर श्विनशेठची पहिली हजेरी लागली ती अशी. १९१७ मध्ये चार सिलिंडरवाली हेंडरसन कंपनीही घेतली. आता हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन यांच्या जोडीला तिसरं नाव श्विन यांच्या कंपनीचं होतं.

१९२९ ला शेअरबाजार कोसळला आणि मंदी आली. १९३१ मध्ये एके दिवशी श्विन यांनी सगळ्या खात्यांच्या प्रमुखांना बोलावलं आणि सांगितलं, की मोटरसायकल आजपासून बंद. गंमत म्हणजे (गंमत कसली!) हातात ऑर्डरी होत्या. गाड्या खपत होत्या. पण त्यांचा हिशेब असा होता, की मंदी अजून बरीच वर्षं चालणार आणि तोपर्यंत हा धंदा सायकललाही घेऊन बुडणार. त्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे. वीस वर्षं वाढवलेलं झाड स्वतःच्या हाताने तोडायचं...

हा निर्णय बरोबर होता का, यावर आमच्यात चांगलीच जुंपली. दोघं म्हणाले, कंपनी वाचली म्हणजे बरोबर. माझं मत जरा वेगळं. ऑर्डरी असताना एका दिवसात कुलूप लावलं, तर यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराने मंदीच्या ऐन मध्यात जायचं कुठे? कंपनीच्या इतिहासात मालकाची दूरदृष्टी येते, त्या कामगारांचं पुढे काय झालं ते येत नाही. पण हेही खरं, की हे कुलूप लागलं नसतं तर आमच्या प्रोजेक्टची सायकल जन्मालाच आली नसती.

कारण आता सूत्रं मुलाकडे आली, फ्रँक डब्ल्यू. श्विन यांच्याकडे. सायकलचा बाजार त्या वेळी दयनीय होता. मोठी दुकानं भाव पाडून मागत, कारखानदार तेवढ्यात बसेल तसला माल देत. गिऱ्हाईक म्हणजे लहान मुलं. टायर कसले, तर नळीसारखे एकसंध, रिमला चिकटवलेले. आत वेगळी ट्यूब नाही. पंक्चर काढायचं म्हणजे वैताग. आणि ही मुलं सायकल चालवत कुठे? फूटपाथवरून उड्या मारत, दगडाधोंड्यांतून. फ्रँक यांनी युरोपात जाड, कमी दाबाचे, ट्यूबवाले टायर पाहिले होते. त्यांनी तसेच अमेरिकन रबर कंपन्यांकडे मागितले. त्या तयार होईनात. एवढ्याशा पोरांच्या सायकलसाठी नवा साचा कोण पाडणार? शेवटी जर्मनीहून आयात करतो अशी धमकी दिल्यावर टायर मिळाले, असं सांगतात. १९३३ मध्ये २६ इंची, सव्वादोन इंचाला थोडे कमी, म्हणजे २.१२५ इंच जाडीचे बलून टायर लावलेली बी-१०-ई ही सायकल बाजारात आली. नाव काय ठेवलं, तर मोटरबाइक! खरी मोटरसायकल बंद करून दोनच वर्षं झाली होती आणि आता सायकलवर खोटी टाकी बसवून तीच स्वप्नं पोरांना विकणं चालू झालं. १९३४ ला एरोसायकल आली, तिची टाकी तर विमानाच्या चालीवर. पाहता पाहता इतर कंपन्यांनीही हेच टायर उचलले आणि मेलेला धंदा उठून बसला.

आता जरा आपल्या अभ्यासक्रमात येऊ. टायरवर ५५ किलो भार आहे असं धरा. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो असेल तर टायर जमिनीला साधारण ११ चौरस सेंटिमीटर टेकतो, दाब २ किलो असेल तर साडेसत्तावीस. म्हणून बलून टायर घट्ट ओल्या वाळूत रुतत नाही. सुक्या भुसभुशीत वाळूत मात्र कोणतीही क्रूझर ढकलतच न्यावी लागते. जाहिरातीत हे दाखवत नाहीत.

मोटरचं गणित त्याहून मजेदार. सायकल ३० किलो, माणूस ७५, दप्तर ५. एकूण ११०. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरला टायरच्या घर्षणात सुमारे ७५ वॅट जातात आणि हवेत १२०. क्रूझरवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो, म्हणून हवेचा आकडा मोठा. एकूण झाले १९५. ४८ व्होल्ट, १४ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ६७२ वॅट-अवर. मोटर-कंट्रोलरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर पायडल न मारता जवळपास ६९ किलोमीटर. वा! पण आता ताशी १५ किलोमीटरचा वारा समोरून येऊ द्या. हवेचे १२० चे ३०० च्या वर जातात आणि रेंज पस्तिसावर येते. समुद्रकिनाऱ्याच्या सायकलचा खरा शत्रू समुद्राचा वाराच निघाला! (आणि दुसरा शत्रू खारी हवा. चेन आणि आरे किती टिकतात ते किनाऱ्यावरच्या कुठल्याही सायकलवाल्याला विचारा.)

चढाचं तर बोलूच नका. पाच टक्के चढावर ताशी १५ ने जायचं तरी ३०० वॅट लागतात. आपल्याकडे २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या सायकललाच रजिस्ट्रेशनची सूट आहे. म्हणजे घाटात पाय चालवावेच लागणार. अमेरिकेत मर्यादा ७५० वॅटची, त्यामुळे तिथली क्रूझर सुखी.

हवी तशी बनवून मिळते याचंही मूळ इथेच आहे. २.१२५ च्या त्या टायरच्या रिमचं माप ५५९ मिलिमीटर. पुढे माउंटन बाइकनेही तेच घेतलं, म्हणून आज क्रूझरला कुणाचंही टायर, कुणाचीही रिम बसते. माप ठरलेलं असलं की बाकी सगळं बदलता येतं. मात्र श्विन कंपनीनेच नंतर २६ इंची म्हणून आणखी एक चाक काढलं, त्याची रिम ५७१ ची. बारा मिलिमीटरचा फरक. दोन्हींवर २६ च लिहिलेलं. जुनी श्विन घेऊन तिला मोटर बसवणाऱ्यांनी आधी टेप घेऊन माप घ्यावं.

१९३८ ला कँटिलिव्हर फ्रेम आली. डोक्यापासून मागच्या आसापर्यंत कमानीत गेलेल्या जुळ्या नळ्या, आणि आजच्या क्रूझरचा तो लाडका बाक तिचाच. त्याच वर्षी पुढच्या चिमट्याला स्प्रिंगही आली. आणि टाकी? ती पोकळ. काही मॉडेलांत आत भोंगा आणि त्याचे सेल असत, इतकंच. आजच्या सायकलींत काही ठिकाणी बॅटरी नेमकी त्या टाकीतच बसवतात. ऐंशी-नव्वद वर्षं शोभेला असलेल्या डब्याला अखेर नोकरी लागली.

इग्नाझ श्विन १९४८ मध्ये वारले, ८८ व्या वर्षी. मुलगा फ्रँक १९६३ ला गेला. शिकागोचा कारखाना १९८३ मध्ये बंद झाला आणि चौथ्या पिढीच्या हातात १९९२ ला कंपनीचं दिवाळं वाजलं. नाव तेवढं विकलं गेलं, पुन्हा विकलं गेलं, आणि अजून सायकलींवर आहे.

त्याआधी, १९७० च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या मरीन भागातल्या काही पोरांनी भंगारातून तीस-चाळीस सालच्या श्विन एक्सेल्सिअर उचलल्या होत्या. टाकी, मडगार्ड सगळं उपटून टाकायचं आणि डोंगरावरून बेफाम सोडायची. उलटं पायडल मारून लागणारा ब्रेक इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक उतारानंतर पुन्हा भरावं लागायचं. त्या उताराला नावच पडलं रीपॅक. १९७६ पासून तिथे शर्यती झाल्या आणि त्यातून माउंटन बाइक निघाली. आमच्या रिपोर्टमध्ये हा ब्रेकचा मुद्दा पहिला आहे : ३० किलोच्या मोटरवाल्या सायकलला जुन्या थाटाचा नुसता पायडल-ब्रेक देत असतील तर घेऊ नये, दोन्ही चाकांना डिस्क मागावी. दुसरा मुद्दा बॅटरी मोठी घ्या, वाऱ्यासाठी. तिसरा, रुंद हँडल सहा फुटी मुलालाच बरं, बाकीच्यांनी आखूड निवडावं.

रंगावर मात्र एकमत होईना. दोघांना लाल हवाय, एकाला क्रीम, आणि मला अजून टाकी हवी की नको हेच ठरवता आलेलं नाही.