लिथियमची दुसरी ओळख

लिथियम म्हटलं की काय आठवतं? मोबाईलची बॅटरी! मलाही पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीपलीकडे काही ठाऊक नव्हतं. मग एकदा मामाच्या गोळ्यांचं पाकीट हातात आलं. त्यावर लिहिलं होतं, लिथियम कार्बोनेट. मामाला बायपोलरचा आजार आहे. आमच्याकडे हा शब्द अजून दार लावून बोलतात. ही गोळी आली कुठून हे शोधताना मला डॉ. जॉन केड सापडले.

केड यांचा जन्म १९१२ चा, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातला. वडील मनोरुग्णालयात डॉक्टर, त्यामुळे पोराचं बालपण तिथल्या आवारातच गेलं. पुढे तेही डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं आणि साडेतीन वर्षं ते चांगीच्या छावणीत जपान्यांचे कैदी होते. मनाच्या आजारामागे शरीरातलंच काही बिघडत असावं, हा विचार तिथं पक्का झाला.

सुटल्यावर ते मेलबर्नमधल्या बंडूरा इथल्या रुग्णालयात रुजू झाले. प्रयोगशाळा कसली, वापरात नसलेली स्वयंपाकाची खोली! उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काही विष असतं का, हे ते गिनीपिगवर तपासत होते. युरिक अॅसिड पाण्यात नीट विरघळेना, म्हणून त्याचा लिथियम क्षार घेतला. आणि एरवी बुजणारे गिनीपिग चक्क शांत पडून राहिले! कदाचित ते विषबाधेनंच सुस्तावले असतील, असं आज मानतात. म्हणजे तर्क चुकला, पण वाट सापडली.

औषध आधी त्यांनी स्वतः घेऊन पाहिलं. १९४८ मध्ये पहिल्या रुग्णाला दिलं. पाच वर्षं उन्मादात असलेला तो माणूस काही महिन्यांत घरी गेला, कामाला लागला. १९४९ मध्ये केड यांनी उन्मादाच्या १० रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले.

पण गोष्ट इथं संपत नाही. त्या पहिल्या रुग्णानं गोळ्या सोडल्या, आजार उलटला, उपचार पुन्हा सुरू झाले आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेनं तो गेला. केड हादरले, त्यांनी हे औषध वापरणं थांबवलं. औषध आणि विष यांत फरक होता फक्त मात्रेचा. मग मेलबर्नच्याच संशोधकांनी रक्तातलं प्रमाण मोजायला सुरुवात केली. १९५४ मध्ये डेन्मार्कच्या मोगेन्स स्काऊ यांनी नीट तुलना करून चाचणी घेतली. अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडलं. केड १९८० मध्ये वारले.

मागच्या दिवाळीत मामानंही बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद केल्या होत्या. तीन आठवडे घरात कुणी धड झोपलं नाही. आता रक्त तपासायला मीच त्याला गाडीवरून नेतो. आपण कंट्रोल सिस्टीममध्ये फीडबॅक शिकतो ना, तेच हे! मोजायचं, मात्रा ठरवायची, पुन्हा मोजायचं.

तेव्हा होस्टेलवर कुणी अशी गोळी घेताना दिसला, तर येडा म्हणून हसू नका. वेळेवर घेतलीस का, एवढं विचारा. बस्स!