कर्तव्यनिष्ठ वैमानिक कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार

वाणगावच्या मिरचीच्या वाड्यांमध्ये उभे राहून आकाशातून जाणारी विमाने पाहत आपली मुले वाढतात. मोठेपणी वैमानिक होण्याची इच्छा बाळगणारा एखादा विद्यार्थी बहुतेक प्रत्येक वर्गात असतो. त्याला रुबाबदार गणवेश आणि देशोदेशींचा प्रवास दिसतो. त्या गणवेशामागील उत्तरदायित्व किती मोठे असते, हे कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांच्या जीवनाने दाखवून दिले आहे.

जटार हे एअर-इंडिया इंटरनॅशनलचे कॅप्टन होते. ८ जून १९४८ रोजी मुंबई-लंडन मार्गावर या कंपनीची सेवा सुरू झाली आणि १९५३ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. स्वतंत्र भारताचे नाव जगभर नेणाऱ्या वैमानिकांच्या त्या पहिल्या पिढीत जटार यांची गणना होते. त्यांच्या हाती असलेले कॉन्स्टेलेशन विमान चार इंजिनांचे व पंख्यांचे होते. आजच्यासारखे संगणक किंवा उपग्रह तेव्हा मदतीला नव्हते. नॅव्हिगेटर नकाशे व आकाशातील ताऱ्यांच्या आधारे स्थान निश्चित करी, फ्लाइट इंजिनिअर चारही इंजिनांवर लक्ष ठेवी, आणि अखेरचा निर्णय मात्र कॅप्टनचा असे. इंधन, हवामान, वजन यांचा हिशेब उड्डाणापूर्वी पुन्हा पुन्हा तपासावा लागे. घरापासून दूर राहणे, अवेळी झोप आणि सततची दक्षता हा या व्यवसायाचा नित्यक्रम होता.

एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया व आफ्रिकेतील २९ राष्ट्रांची परिषद भरणार होती. त्यासाठी निघालेले चिनी व व्हिएतनामी प्रतिनिधी आणि काही पत्रकार यांना घेऊन जटार यांच्या 'काश्मीर प्रिन्सेस' विमानाने ११ एप्रिल रोजी हाँगकाँगहून जकार्ताकडे उड्डाण केले. विमानात ११ प्रवासी व ८ कर्मचारी होते. सुमारे पाच तासांनंतर, १८,००० फूट उंचीवर असताना स्फोट झाला. उजव्या पंखाला आग लागली आणि धूर आत शिरू लागला.

जटार यांनी क्रमांक तीनचे इंजिन तत्काळ बंद केले. नातुना बेटांजवळील आपले स्थान कळविणारे तीन संकटसंदेश पाठविले गेले. मग रेडिओ मुका झाला. एकामागून एक विद्युत यंत्रणा निकामी होत होत्या. कॅप्टनने जळते विमान समुद्राच्या दिशेने खाली आणले. हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी व अन्य कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे दिली आणि संकटकालीन दरवाजे उघडले. पंख पाण्यावर आदळून विमानाचे तुकडे झाले. १६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत जटार व बेरी होते. सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि मेंटेनन्स इंजिनिअर कर्णिक हे तिघे वाचले. कर्णिक यांनी पुढे या घटनेवर पुस्तक लिहिले.

हा अपघात नसून घातपात होता. विमानात कालबाँब ठेवला होता, असा निष्कर्ष इंडोनेशियाच्या चौकशीने काढला. हाँगकाँगच्या विमानतळावर काम करणारा संशयित तैवानला पळून गेला व त्याच्यावर खटला कधीच चालला नाही. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय हे या कटाचे लक्ष्य होते असे मानले जाते. ते या विमानात नव्हते.

भारत सरकारने जटार यांना मरणोत्तर अशोक चक्र देऊन गौरविले. हा सन्मान मिळालेल्या पहिल्या नागरिकांमध्ये त्यांचा समावेश होतो.

त्या काळी भारत-चीन संबंधांत 'पंचशील' हा शब्द गाजत होता. मूळ बौद्ध पंचशील आणि राजकारणातील पंचशील यांत किती अंतर आहे, याकडे १९५४ मध्येच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राज्यसभेत लक्ष वेधले होते. ज्यांनी बाँब ठेवला त्यांनी प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे पहिलेच शील मोडले. जटार यांनी मात्र कोणाचा देश वा पक्ष न पाहता, आपल्या हाती सोपविलेले जीव वाचविण्यासाठी शेवटच्या क्षणापर्यंत प्रयत्न केले.

आपल्यापैकी अनेक पालक व माजी विद्यार्थी तारापूर-बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर जातात. आपल्या सावधपणावर शेजारच्याचा जीव अवलंबून असतो, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. आकाशात असो वा बॉयलरजवळ, धर्म तोच. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलांनी गणित व विज्ञान अवश्य पक्के करावे. त्यासोबत ही अप्रमादाची सवय आजच लावून घ्यावी. जटार यांना तीच खरी आदरांजली ठरेल.