गहुलीचे वसंतराव नाईक

दरवर्षी १ जुलैला आपण कृषी दिन साजरा करतो. तो वसंतराव नाईकांचा जन्मदिवस. यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळ गहुली हा बंजारा तांडा आहे. तिथे ते १९१३ साली जन्मले. घरात तांड्याचे नाईकपण होते. वकिली शिकून ते पुसदला आले, नगराध्यक्ष झाले आणि १९५२ पासून पाच वेळा पुसदमधून आमदार म्हणून निवडून आले. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ ते राज्याचे मुख्यमंत्री होते.

दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण करू, असे वचन त्यांनी १९६५ मध्ये जाहीरपणे दिले. संकरित ज्वारी शिवारात आली. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठे १९७२ पर्यंत उभी राहिली. पण त्याच साली मोठा दुष्काळ पडला अन् कोरडवाहू रानात संकरित पीकसुद्धा करपून गेले. नुसत्या बियाण्याने भागत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळले. सरकारने गावोगाव कामे काढली. माणसे खडी फोडून, पाझर तलाव खोदून, नालाबांध घालून जगली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर पसरली.

वसंतराव १९७९ मध्ये वारले. त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ साली मुख्यमंत्री झाले आणि १९९२ मध्ये त्यांच्या सरकारने जलसंधारण खाते काढले. चुलत्यांनी बियाणे आणले, पुतण्यांनी पाण्याकडे बघितले.

तेव्हा कृषी दिनाला ग्रामपंचायतीत नुसता हार घालून उठू नका. गावातले जुने बांध, पाझर तलाव कुठं फुटलेत ते फिरून बघा, अन् ग्रामसभेत दुरुस्तीचा ठराव करा.